फ्लोरेन्समध्ये दीड दिवस: उफीझी की राजाराम महाराजांची छत्री?

मीठभाकर
नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला असतो, सासू-सासरे कोल्हापूरहून आलेत आणि रोम करून पुढे फ्लोरेन्सला जायचंय. रविवारी दुपारी बाराच्या सुमारास पोचतोय, मंगळवारी सकाळी लवकरची गाडी. म्हणजे धड दोन दिवसही नाहीत. रविवारी नुसतं फिरायचं, पूल, चौक, आइस्क्रीम वगैरे, आणि सोमवारचा अख्खा दिवस उफीझी या चित्रांच्या म्युझियमला द्यायचा असा नवऱ्याचा बेत आहे. पण सासऱ्यांनी (आम्ही अप्पा म्हणतो) विमानात बसायच्या आधीपासून एकच धोशा लावलाय, आपल्या महाराजांची छत्री बघायची. त्यांना बाकी इटली नाही दाखवली तरी चालेल म्हणतात!! ती छत्री गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे असं नकाशात दिसतंय, जाऊन येऊन अर्धा दिवस मोडणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, लेक नऊ वर्षांची आहे. कुणी गेलंय का तिथे? वेळ घालवण्यासारखं आहे का? आणि उफीझी सोडलं तर आयुष्यभर हळहळ वाटेल का?

बोलोन्याहून
उफीझी सोमवारी बंद असतं, ताई.

टवाळखोर
धागा संपला. सगळ्यांनी आपापल्या घरी जा.

मीठभाकर
अरे देवा. आणि ते डेव्हिडचं म्युझियम?

बोलोन्याहून
अकादेमिया पण सोमवारी बंद. रविवारी दुपारचा स्लॉट मिळतोय का बघा लगेच, सहा-साडेसहापर्यंत उघडं असतं. अठराच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही पण बुकिंग करताना लेकीचं फुकटवालं तिकीट टाकायला विसरू नका. तुमचा महिन्यातला पहिला रविवार आहे का? असला तर सगळ्यांनाच फुकट असतं, पण मग रांग बघून सासूबाई तिथूनच म्युनिकला परत जातील.
आणि हो, रविवारी मोठं कॅथेड्रल पर्यटकांना आतून बघायला मिळत नाही, फक्त प्रार्थनेला उघडतात. ते सोमवारी करा. आत जायला पैसे नाहीत, रांग मात्र आहे.

मीठभाकर
तिसरा रविवार. दुपारी तीनचा स्लॉट मिळाला!! जीव भांड्यात पडला. नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये की त्याचा बेत बंद दाराला धडकणार होता, जेवताना सांगेन :)

रंगपेटी
चला, उफीझीचं तरी झालं. एक सल्ला, सगळं बघायला जाऊ नका. तीन तासांत पाय गळतात आणि शेवटी सगळ्या मेरीमाता सारख्याच दिसायला लागतात. मी पहिल्या वेळी शिस्तीत पहिल्या खोलीपासून सुरुवात केली आणि बोत्तिचेल्लीपर्यंत पोचेतो डोळे मिटत होते. दुसऱ्या वेळी सरळ 'प्रिमावेरा' आणि 'व्हीनसचा जन्म' यांच्या खोलीत गेले, तिथे अर्धा तास बसले. प्रिमावेरामध्ये उजवीकडे जी मुलगी आहे ना, जिला तो निळसर वारा धरतोय, तिच्या तोंडातून फुलं गळतायत. पुस्तकातल्या छापील चित्रात मला हे कधी दिसलंच नव्हतं. लेकीला ते शोधायला सांगा, खेळ होईल. मग काराव्हाज्जोची मेदुसा, ती ढालीवर रंगवलेली आहे, मुलांना भारी आवडते. बाकी जमेल तसं.
पण छत्रीबद्दल माझं मत विचाराल तर, रागावू नका, जगातली इतकी मोठी कला एका गावात एकवटलेली असताना अर्धा दिवस एका अर्धपुतळ्यासाठी घालवणं मला पटत नाही. तसल्या छत्र्या आपल्याकडे ढिगाने आहेत.

रंकाळ्यावरचा
@रंगपेटी ढिगाने आहेत म्हणे. आर्नो नदीच्या काठावर किती आहेत ते सांगा की. आमचा राजा तिथं वारलाय, विसाव्या वर्षी. तुमची ती व्हीनस अजून पाचशे वर्षं शिंपल्यातच उभी राहणार आहे, कुठं जात नाही.

टवाळखोर
थंडी वाजत असेल बिचारीला. (हलकेच घ्या)

नवशिक्या
पण राजाराम महाराज सिंहगडावर वारले ना? इटलीत कधी गेले? काहीतरी गल्लत होतेय.

जुनाखोड
नवशिक्या, गल्लत तुमची होतेय, पण ती बऱ्याच जणांची होते. शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम हे जिंजीला गेलेले, १७०० साली सिंहगडावर वारले. हे राजाराम कोल्हापूरच्या गादीवरचे, जन्म १८५०, गादीवर आले १८६६ मध्ये. १८७० साली विलायतेला गेले. एखाद्या हिंदी संस्थानिकाने त्या काळी समुद्र ओलांडून जाणं ही केवढी गोष्ट होती बघा, घरातून विरोध, धर्माचा बाऊ, सगळं आलं. तिथे व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, पार्लमेंट पाहिलं, कारखाने पाहिले, आणि रोज इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. ती रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापली गेली, त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्टने संपादन केलं.
परत येताना प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्सच्या हॉटेलात वारले. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं बरं का, १८६५ ते १८७१. आता प्रश्न आला दहनाचा. तिथे सगळे दफन करणारे, दहन कुणी पाहिलेलं नाही. खास परवानगी काढावी लागली. बरोबरच्या लोकांनी दोन नद्यांचा संगम शोधला, आर्नोला मुन्योने नावाची नदी मिळते ती जागा, आणि रात्री एकच्या सुमारास तिथे चिता रचली. थंडीत, अपरात्री सुद्धा लोक बघायला जमले होते. छत्री त्याच जागी आहे, १८७४ ची.
आमच्या प्रयाग चिखलीला भोगावती-कासारीचा संगम बघितलेल्या माणसाला त्या रात्री परक्या गावात संगम शोधत हिंडणाऱ्यांचं काय झालं असेल ते कळतं.

रंगपेटी
@जुनाखोड हे सगळं मला माहीत नव्हतं. "अर्धपुतळा" हा शब्द मागे घेते. मत अजून घेत नाही :)

रंकाळ्यावरचा
छत्रीचं डिझाईन मेजर मँटचं. तोच मँट ज्याने नंतर कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. अप्पांना हे सांगा, खूश होतील. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा.

तिकोना_ट्रेकर
मी गेलोय तिथे, दोन वर्षांपूर्वी. माहिती देतो. कास्चिने नावाची बाग आहे, बाग कसली, नदीकाठाने साडेतीन किलोमीटर लांब पट्टाच आहे. स्टेशनवरून ट्राम घ्या, कास्चिने स्टॉपला उतरा, पण तो स्टॉप बागेच्या ह्या टोकाला आणि छत्री त्या टोकाला, त्यामुळे चांगले तीन किमी चालावं लागतं. सपाट आहे, झाडी आहे, बाकडी आहेत. मी सायकल भाड्याने घेतली होती. गुडघेवाल्यांसाठी सरळ टॅक्सी करा, ड्रायव्हरला "इंडियानो" म्हणा, बास. तिथल्या पुलाचं नावच "पोन्ते आल्ल इंदियानो" आहे, १९७८ चा, मोठे मोठे केबलवाले खांब, लांबून दिसतात. गावातल्या निम्म्या लोकांना हा इंदियानो कोण ते माहीत नसतं, पण पुलावरून रोज जातात.
आता छत्री. खरं सांगू, मी मोठी अपेक्षा ठेवून गेलो नव्हतो. चार खांब, वर घुमट, भोवती कठडा, आत महाराजांचा रंगवलेला पुतळा, फेटा, गळ्यात दागिने. खाली चार भाषांत मजकूर. मी पोचलो तेव्हा एक पळणारा माणूस कठड्याला पाय लावून बुटाची नाडी बांधत होता आणि एक आजी कुत्र्याला घेऊन बाकावर बसलेल्या. मी फोटो काढतोय बघून आजींनी इटालियनमध्ये काहीतरी विचारलं, मी "इंदिया, इंदिया" म्हटलं, पुतळ्याकडे आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांचा समज झाला मी नातेवाईक आहे. उठून माझा हात हातात घेतला आणि काहीतरी सांत्वन केलं. दीडशे वर्षांनी!! मी पण काही बोललो नाही, मान खाली घातली. मला खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

डबेवाली_आजी
@तिकोना_ट्रेकर वाचून डोळ्यात पाणी आलं रे.

टवाळखोर
@तिकोना_ट्रेकर आडनाव भोसले सांगून हॉटेलात डिस्काउंट मागायचा होतास.

डबेवाली_आजी
मीठभाकर, सासूबाईंच्या जेवणाचं काय? आम्ही गेलो होतो तेव्हा तिथल्या पावाने फार छळलं. पावात मीठच नसतं! मी वेटरला म्हटलं आचारी विसरला का, तो हसायला लागला.

बोलोन्याहून
तोस्कानाचा (फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे तो) पाव अळणीच असतो, शेकडो वर्षांची खोड आहे. का, याच्या सतरा कहाण्या सांगतात, मिठावरचा कर काय, पिसावाल्यांनी मीठ अडवलं काय. दान्तेनेसुद्धा परक्या घरचा पाव खारट लागतो असं लिहून ठेवलंय, वनवासात गेल्यावर. त्यांच्या बाजूने सांगायचं तर तो पाव नुसता खायचा नसतोच, रश्शात, तेलात, टोमॅटोत कुस्करून खायचा. शाकाहारी माणसाने दोन शब्द पाठ करावेत: रिबोल्लीता आणि पाप्पा अल पोमोदोरो. पहिल्यात शिळा पाव, पांढऱ्या राजम्यासारख्या शेंगा, काळपट कोबीची पानं, सगळं रटरटा उकळलेलं. दुसरं म्हणजे शिळा पाव आणि टोमॅटो. दोन्ही आपल्या कुस्करलेल्या भाकरीच्या जातीतलं गरिबाचं जेवण, आता मात्र दहा-बारा युरोला. रिबोल्लीतात मांसाचं पाणी नाही ना एवढं विचारून घ्या.
बिलात "कोपेर्तो" दिसलं तर भांडू नका, ते बसायचे पैसे असतात. कॉफी काउंटरला उभ्याने प्या, टेबलावर बसलात की तीच कॉफी दुप्पट-तिप्पट.

रंकाळ्यावरचा
लाम्प्रेदोत्तो विसरला. गाईच्या चौथ्या पोटाचा पाव. गाड्यावर मिळतो, हिरवी चटणी घालून. आमच्याकडच्या वजडीची आठवण येते. सासूबाईंना सांगू नका.

डबेवाली_आजी
शी. पण ठेचा घेऊन गेलेत का विचारा, त्या अळणी पावाला आमच्याकडच्या ठेच्याने जिवंत केलं होतं. हॉटेलच्या खोलीत, लपून.

हप्तेबहाद्दर
कुणी गाडीने जाणार असेल तर माझं ऐका. गावात झेडटीएल नावाची भानगड आहे, ठरावीक भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे. पोलीस अडवत नाही, शिट्टी वाजत नाही, काही नाही. आपण मजेत हॉटेल शोधत फिरतो. मी हॉटेल शोधत एकाच गल्लीतून तीनदा गेलो. आठ महिन्यांनी पुण्याला घरी पत्रं आली, तीन. आणि भाड्याच्या गाडीवाल्यांनी आमचा पत्ता सरकारला कळवल्याची फी वेगळी कापली, तीही तीनदा. बायको अजून म्हणते एवढ्यात दुसरी ट्रिप झाली असती.

टवाळखोर
तीनदा गेलास तर निदान हॉटेल सापडलं का?

हप्तेबहाद्दर
ते पुढच्या गल्लीत होतं.

पणजीची_शेवंती
हा धागा कोल्हापूरवाल्यांचाच आहे असं वाटायला लागलंय, म्हणून आमचं पण घोडं दामटते. जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये सेंट झेवियरची कबर बघितलीत ना? ती चांदीची पेटी ज्याच्यावर ठेवलीय तो रंगीत संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सहून आलाय. तिथला ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा, मेदिची या राज्यकर्त्या घराण्यातला, त्याने दिलेली भेट, फोज्जीनी नावाच्या शिल्पकाराने घडवली आणि १६९८ मध्ये गोव्यात बसवली. रंगीत दगड कापून जोडायची जी कला आहे ना, तिची जुनी शाळा आजही फ्लोरेन्समध्ये आहे, पिएत्रे दुरे म्हणतात. मी लहानपणापासून तो चौथरा बघतेय, आणि तिथे गेल्यावर मेदिची चॅपेलच्या भिंती बघितल्या तर घरच्याच वाटल्या. बरोबरच्या लोकांना वाटलं हिला चढली.
आणखी एक. फिलिप्पो सास्सेत्ती म्हणून फ्लोरेन्सचा एक व्यापारी १५८० च्या दशकात आपल्याकडे होता, मिरी-मसाल्याच्या धंद्यात, १५८८ ला गोव्यातच वारला. त्याने घरी पत्रात लिहून कळवलं होतं की इथल्या संस्कृत भाषेतले शब्द आपल्यासारखे आहेत. देव-दीओ, सर्प-सेर्पे, सप्त-सेत्ते, अष्ट-ओत्तो, नव-नोवे. भाषांचं कूळ एक वगैरे पंडितांनी म्हणायच्या दोनशे वर्षं आधी. म्हणजे कोल्हापूरचा माणूस फ्लोरेन्सला राहिला तसा फ्लोरेन्सचा माणूस गोव्याला राहिला. फिटंफाट.

जुनाखोड
शेवंतीताई, सास्सेत्तीचं नाव काढलंत, दिवस सार्थकी लागला. वाचनखूण साठवली.

व्याकरणमास्तर
इतके प्रतिसाद झाले तरी कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. "उफीझी" नाही, उफ्फीत्सी. त्याचा अर्थ ऑफिसं. १५६० मध्ये वासारीने पहिल्या कोसिमोसाठी सरकारी कचेऱ्यांची इमारत म्हणून बांधायला घेतली.

टवाळखोर
म्हणजे मीठभाकर ताईंनी मामलेदार कचेरीचं तिकीट काढलंय. सोमवारी बंद, रविवारी चालू. इटली तुका म्हणे!

रंगपेटी
मास्तर बरोबर आहेत पण मी उफीझीच म्हणणार. बरं, लेकीसाठी अजून एक. नदीकाठच्या गॅलिलिओ म्युझियममध्ये गॅलिलिओचं बोट ठेवलंय, खरंखुरं, काचेच्या अंड्यात. उजव्या हाताचं मधलं.

टवाळखोर
मधलंच का ठेवलं ते चर्चला विचारा.

तिकोना_ट्रेकर
कॅथेड्रलच्या घुमटावर चढणार असाल तर: ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. जिना दोन घुमटांच्या मधून जातो, बाहेरचा एक आणि आतला एक. तिरक्या भिंतीला खांदा घासत चढायचं, आणि मध्येच विटा दिसतात, माशाच्या काट्यासारख्या रचलेल्या. जमिनीपासून लाकडी आधार न देता ब्रुनेल्लेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये हे उभं केलं. मी सह्याद्रीत आयुष्य काढलंय, तरी शेवटच्या टप्प्याला हात भिंतीला गेला. सासूबाईंना खाली ठेवा.

रंकाळ्यावरचा
आणि १९६६ च्या पुराच्या पाट्या बघा, भिंतींवर लावल्यात, ४ नोव्हेंबर. डोक्याच्या वर कितीतरी. २०१९ ला आमच्या घरात पाणी शिरलं त्याची रेघ आम्ही अजून रंगवून काढलेली नाही. तिथं ती पाटी बघितली आणि बायको म्हणाली, आपणही पाटी लावू.

बोलोन्याहून
मीठभाकर, परत आलात का? तारीख उलटून गेली.

मीठभाकर
आलो आलो. लेकीची शाळा सुरू झाली, म्हणून उशीर. सगळ्यांचे आभार, विशेषतः पहिल्या प्रतिसादाचे, नाहीतर सोमवारी आम्ही पाच जण बंद दारासमोर उभे असतो. नवरा म्हणतो त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं.
रविवारी उफीझी, फक्त दोन तास. लेकीने तोंडातून फुलं गळणारी बाई आमच्या आधी शोधली आणि मोठ्याने ओरडली, गार्डने शुक् केलं. सासूबाई बोत्तिचेल्लीच्या खोलीत बाकावर बसून राहिल्या, म्हणाल्या तुम्ही फिरून या, मी इथे बरी आहे. परत आलो तर एका जपानी बाईंबरोबर खजुराची पोळी वाटून खायच्या बेतात होत्या! तिथे खायला बंदी आहे हे त्यांना सांगेपर्यंत माझा घाम निघाला.
सोमवारी सकाळी कॅथेड्रल, मग टॅक्सी करून इंडियानो. अप्पांनी जाकीट घातलं होतं, टोपी घातली होती, हॉटेलमधून निघतानाच. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, भाषण करतील, मास्तर होते ना. काही नाही. कठड्याशी गेले, कोरलेलं सगळं वाचलं, कोल्हापूरचं नाव आलं तिथे बोट टेकवता येत नव्हतं म्हणून लांबूनच बोटाने अक्षरं गिरवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "किती वर्षांचा होता म्हणालीस?" मी म्हटलं वीस. "आपला सचिन वीसचा असताना काय करत होता?" सचिन म्हणजे माझा नवरा. तो म्हणाला, अप्पा, मी तेव्हा इंजिनीअरिंगला नापास झालो होतो. अप्पा म्हणाले, "हां. ह्याने रोजनिशी लिहिली."
मग नदीकडे गेले, संगम नक्की कुठे ते बघायला. मुन्योने फार बारीक आहे, ओढाच. अप्पांनी सासूबाईंच्या पिशवीतली पाण्याची बाटली घेतली, त्यात घरून आणलेलं पंचगंगेचं पाणी होतं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते थोडं नदीत सोडलं. बाटली तेवढी परत आणली, तिथे कचरा नको म्हणून.

डबेवाली_आजी
मी आता काही लिहू शकत नाही.

रंगपेटी
@मीठभाकर माझं मत पण मागे घेतलं. पुढच्या वेळी मी जाणार आहे. टॅक्सीला किती पडले?

मीठभाकर
जाताना पंधराच्या आसपास. येताना टॅक्सी मिळेना, तीन किमी चालत आलो, सासूबाई सर्वात पुढे. ठेचा कामाला आला, त्याबद्दल वेगळा धागा काढते.

हप्तेबहाद्दर
टॅक्सी केलीत, शहाणपणा केलात.

नवीन_पासपोर्ट
छान धागा, बरीच माहिती मिळाली. आम्ही पुढच्या महिन्यात फ्लोरेन्सला चाललोय, फक्त सोमवार मिळतोय. उफीझी सोमवारी उघडं असतं का?

टवाळखोर
वरून पहिलाच प्रतिसाद वाचा. नाही, थांबा, आधी हप्तेबहाद्दरांना भेटा.